बाईवरचा चित्रपट आणि बाईचा चित्रपट : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी, माध्यम आणि स्त्री-अभ्यास या विषयांच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेली सतरा वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलामुलींना मराठी शिकवते. त्यातली नऊ वर्षं चित्रपटावरची एक अभ्यासपत्रिकाही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या तिसऱ्या घटकाचं नाव 'स्त्रियांचे चित्रपट'. त्यासाठी नेमलेले चित्रपट तीन : 'कुंकू', 'भूमिका' आणि 'उंबरठा'. पहिल्या वर्षी मी ते मन लावून शिकवले. दुसऱ्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तिन्ही पुरुषांनीच केलेत ना? मग स्त्रियांचे कसे?" उत्तर द्यायला मला सबंध तास लागला, आणि तरी ते नीट देता आलं नाही. हे पत्र त्या तासापासून मनात आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळेच अभ्यासक्रम सध्या पुन्हा लिहिले जात आहेत, म्हणून ते आता लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. हे तिन्ही चित्रपट थोर आहेत आणि ते काढून टाका असं मी म्हणत नाही. व्ही. शांताराम, श्याम बेनेगल आणि जब्बार पटेल यांनी बाईच्या घुसमटीकडे ज्या गांभीर्याने पाहिलं, ते आजही फार थोड्यांना जमतं. पण बाईवरचा चित्रपट आणि बाईने केलेला चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अभ्यासक्रमात पहिलीच्या पाटीखाली दुसरी गडप झाली आहे. मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात तेव्हा पडद्यावर सोसणारी, बंड करणारी, घर सोडून जाणारी बाई त्यांना पाठ असते. कॅमेऱ्यामागे उभी असलेली बाई त्यांनी पाहिलेलीच नसते.

आणि गंमत नव्हे, दुःख असं की या तिन्ही चित्रपटांच्या तळाशीही बायकांचंच काम आहे. 'उंबरठा' उभा आहे तो शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर. 'भूमिका'च्या मुळाशी हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन आहे. 'कुंकू'ची कथा ना. ह. आपट्यांची, पण त्यातल्या नीराचा आवाज आणि तिचा ताठ कणा शांता आपटे यांचा. परीक्षेत आपण नीराबद्दल दहा गुणांचा प्रश्न विचारतो. शांता आपट्यांबद्दल काहीच विचारत नाही.

त्यांच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. 1937 साली 'कुंकू' आला. 1939 मध्ये करारावरून वाद झाला, तेव्हा याच नटीने पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाबाहेर उपोषण केलं. आणि 1940 साली त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमांत?' सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना उद्देशून लिहिलेलं हे पुस्तक सिनेमाकडे चांदण्यांचा लोक म्हणून पाहत नाही. तो एक धंदा आहे, तिथे माणसं राबतात, थकतात, त्यांच्या थकण्यावर कोणाचा तरी नफा उभा राहतो, हे ते सांगतं. पाश्चात्त्य स्त्रीवादी चित्रपट-विचाराचा आरंभ म्हणून आपण लॉरा मल्वी यांच्या 1975 च्या निबंधाकडे बोट दाखवतो. त्याच्या पस्तीस वर्षं आधी मराठीत एका बाईने सिनेमातल्या बाईच्या श्रमाबद्दल लिहून ठेवलं होतं. आपल्या संदर्भसूचीत मल्वी आहेत, शांता आपटे नाहीत. माझा मूळ आग्रह याच जागेतून येतो : बाईच्या चित्रपटाचा अभ्यास म्हणजे आधी बाईच्या कामाचा अभ्यास. काम कोणी केलं, कुठल्या अटींवर केलं, कोणाबरोबर केलं, श्रेय कोणाच्या नावे लागलं, आणि ते काम आज कुठे आहे?

हे प्रश्न विचारले की इतिहासाची पहिली पानंच हलतात. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, दादासाहेब फाळक्यांचा, हे सगळ्यांना ठाऊक. त्या घरात सरस्वतीबाई चित्रीकरण करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत होत्या आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं, रसायनं हाताळण्याचं कामही करत होत्या. त्यांचे दागिने त्या खटाटोपात गेले. शाळेच्या पुस्तकात हे 'पत्नीची साथ' या दोन शब्दांत येतं. फिल्मला भोकं पाडणं ही साथ नव्हे, ते तंत्रज्ञाचं काम आहे. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या मुलीवर, तिच्या उतारवयात, रीना मोहन यांनी 1992 मध्ये 'कमलाबाई' हा माहितीपट केला. पडद्यावरच्या पहिल्या बायकांपैकी एक, आणि तिच्यासमोर कॅमेरा घेऊन बसलेली दुसऱ्या पिढीतली बाई : एवढी सुंदर सुरुवात कुठल्या अभ्यासक्रमाला मिळते? माझ्या वर्गात हा माहितीपट दाखवला त्या दिवशी तास संपल्यावरही मुली उठेनात.

फात्मा बेगम यांचं तर काय सांगावं. 1926 मध्ये स्वतःची कंपनी काढून त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तो चित्रपट आज उरलेला नाही. मग जो चित्रपट पाहताच येत नाही तो शिकवायचा कसा, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. तसाच शिकवायचा. काय टिकलं आणि काय गेलं, कोणाच्या कामाच्या पेट्या जपल्या गेल्या आणि कोणाच्या नाही, हाच त्या तासाचा विषय. ज्ञानेश्वरांच्या आधीचं किती मराठी हरवलं याबद्दल आपण वर्गात हळहळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईचं काम हरवलं तर तीही आपल्याच शास्त्राची बाब आहे.

आता 'स्त्रीसुलभ संवेदनशीलता' या शब्दप्रयोगाबद्दल. माझी कळकळीची विनंती आहे की तो अभ्यासक्रमातून आणि आदर्श उत्तरांतून काढावा. बाईने चित्रपट केला की तो हळुवार, तरल, नात्यांचे पदर उलगडणारा असणार, असं आपण चित्रपट पाहण्याआधीच ठरवून टाकतो. मग ज्या बाईचा चित्रपट तसा नसतो ती आपल्याला स्त्रीवादी वाटतच नाही. सई परांजपे यांचं उदाहरण घ्या. त्यांचं नाव निघालं की 'खुमासदार', 'खुसखुशीत' ही विशेषणं येतात आणि चर्चा तिथेच थांबते. 'चष्मेबद्दूर' 1981 चा. दिल्लीत खोली घेऊन राहणारी तीन पोरं, खोलीच्या भिंती बायकांच्या चित्रांनी भरलेल्या. साबणाची पूड विकायला दारोदार फिरणारी, कमावती मुलगी समोर येते. दोघे मित्र तिच्या मागे जातात, फजीत होतात आणि परत येऊन आपण तिला कसं जिंकलं याच्या फुशारक्या मारतात. त्या फुशारक्या पडद्यावर कशा दिसतात ते पाहा : जुन्या हिंदी चित्रपटांतली गाणी, बाग, नाव, नायकाच्या लकबी. म्हणजे नायकाने नायिकेमागे लागायचं आणि तिने शेवटी लाजायचं, ही जी हिंदी सिनेमाची अख्खी भाषा, ती इथे दोन खोटारड्या पोरांच्या थापा म्हणून समोर येते. बाईला पाहण्याची वस्तू करणारी पुरुषी नजर म्हणजे काय हे मी मल्वींच्या निबंधातून तीन तास समजावते. सईबाईंचं हे दहा मिनिटांचं दृश्य दाखवलं की मुलं हसतात, आणि हसता हसता मुलगे जरा गप्प होतात.

ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक क्लेअर जॉन्स्टन यांनी 1973 मध्येच बजावलं होतं की स्त्रियांच्या सिनेमाने करमणुकीला पाठ दाखवू नये, आणि कॅमेरा रोखला की सत्य आपोआप सापडतं असंही समजू नये. चित्रपट घडवलेला असतो, म्हणून तो कसा घडवला हेच पाहायचं. हे वाचलं की सईबाई खुसखुशीत असूनही नव्हे, तर खुसखुशीतपणाच्या बळावरच काय करतात ते दिसू लागतं. त्यांचा 'दिशा' मुंबईला गिरणीत कामाला जाणाऱ्यांबद्दलचा आहे. तो 'चष्मेबद्दूर'च्या शेजारी ठेवून शिकवला तर एका दिग्दर्शिकेच्या हाताचा आवाका मुलांना कळेल.

सुमित्रा भावे यांच्याबद्दल लिहिताना मला थोडं अवघड जातं, कारण त्या माझ्या फार जवळच्या दिग्दर्शिका आहेत, आणि तरीही त्यांच्या कामावर वर्गात टीका व्हावी असं मला वाटतं. त्या मुळात समाजशास्त्राच्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत. वस्तीतल्या बायकांचं जगणं संशोधनातून समोर आलं आणि ते त्याच बायकांपर्यंत परत न्यायचं तर लिहिलेला अहवाल उपयोगाचा नाही, या अडचणीतून 1985 साली 'बाई' ही छोटी फिल्म झाली. चित्रपट शिकलेली नसलेली बाई चाळिशी ओलांडल्यावर कॅमेऱ्याकडे येते, ती हौसेने नव्हे, तर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता येत नाही म्हणून. हे कारण किती जणांना ठाऊक आहे? पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' असे चित्रपट झाले. जोडीने दिग्दर्शन केलं की समीक्षेची पंचाईत होते. कोणी सगळं सुमित्राबाईंच्या नावे लावून मोकळं होतं, कोणी 'भावे-सुकथनकर' म्हणून बाईचा वेगळा विचारच टाळतं. अरुणा राजे सुरुवातीला विकास देसाई यांच्याबरोबर दिग्दर्शन करत, त्या 'अरुणा-विकास' काळाबद्दलही हेच. एकट्या प्रतिभेची पूजा करणारी आपली समीक्षा सहकार्यापाशी गोंधळते. स्त्रीवादी अभ्यासाला इथे गोंधळायचं कारण नाही, कारण बायकांचं काम बहुतेकदा एकत्रच झालेलं असतं आणि कोणी काय केलं हे विचारायची सवयच तर आपल्याला लावायची आहे.

'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांनी ती अशी काही उभी केली आहे की डोळ्यांत पाणी येतंच. इकडे शिकलेली, शहरातली मुलगी अपराधी भावनेने पोळते आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिलं : 'चन्नम्माला दमायची परवानगी का नाही? गरीब बाईच्या अंगात माया फुकट असते असं आपण का धरून चालतो?' मी स्तब्ध झाले. माझ्या आवडत्या चित्रपटाबद्दलचा इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. त्या मुलीची आई दोन घरची धुणीभांडी करते. उत्तर मी देणार नाही, चित्रपटातच त्याची दोन्ही बाजूंची उत्तरं सापडतील असं मला वाटतं. पण स्त्रीवादी वाचन म्हणजे बायकांच्या चित्रपटांचं कौतुक नव्हे, हे तिने मला शिकवलं.

तिचा प्रश्न आपल्याकडच्या विचाराला नवा नाही. दलित स्त्रिया वेगळ्या जागेवरून बोलतात आणि 'स्त्री' म्हणून सरसकट एकच बाई धरता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी पुण्यात बसून नव्वदीच्या दशकात मांडलं. चित्रपटाच्या अभ्यासात मात्र जातीचा प्रश्न अजून दाराबाहेर आहे. दिग्दर्शिका स्त्री आहे एवढं कळलं की आपलं समाधान होतं. ती कोणत्या घरातली, ज्यांच्यावर चित्रपट केला त्या कोणत्या घरातल्या, आणि पाहणारी कोण? ज्योती निशा यांनी 2020 मध्ये बहुजन प्रेक्षकाच्या नजरेबद्दल लिहिलं, काळ्या स्त्रियांच्या प्रतिकार करणाऱ्या नजरेवरच्या अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांच्या विचाराशी तो धागा जोडला, आणि स्वतः आंबेडकरांवर चित्रपटही केला. हे लेखन अभ्यासक्रमात असायला हवं, आणि तेही 'अधिक वाचनासाठी' या मथळ्याखाली नको. ते कोणी वाचत नाही, हे आपण जाणतोच.

सर्वांत जास्त हळहळ मला दोन लहान फिल्मांबद्दल वाटते. 1980 मध्ये बंगळुरूमध्ये 'युगांतर' नावाचा गट उभा राहिला : दीपा धनराज, आभा भय्या, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर. या गटाने तीन वर्षांत चार फिल्म केल्या, आणि त्यातल्या दोन मराठी बोलतात. 1981 ची 'मोलकरीण' पुण्यातल्या घरकामगार बायका संघटित झाल्या त्याबद्दल आहे. 1982 ची 'तंबाखू चाकिला ऊब आली' निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांच्या संपाबद्दल. निपाणी कर्नाटकात, बायका मराठी, गट बंगळुरूचा. म्हणून की काय, मराठी चित्रपटाच्या इतिहासात तिला जागा नाही, कन्नडमध्ये तर नाहीच.

ही फिल्म कशी झाली ते महत्त्वाचं. गट तिथे जाऊन राहिला, बायकांचं ऐकलं. त्यांच्या सभा, त्यांचा संप बायकांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभा केला. कोणती घटना दाखवायची, कशी दाखवायची, यात त्यांचा हात होता. आता सांगा, या फिल्मची दिग्दर्शिका कोण? दीपा धनराज, हे बरोबर उत्तर आहे आणि ते अपुरंही आहे. तयार झालेली फिल्म दुसऱ्या कामगारांच्या वस्त्यांवर दाखवली गेली, तिच्यावरून चर्चा झाल्या, म्हणजे तिचं वितरणसुद्धा चळवळीचाच भाग होतं. बायकांच्या चित्रपटाचा अभ्यास करायची सगळी सामग्री या एका छोट्या फिल्ममध्ये आहे. ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जतन करून डिजिटल रूपात आणली. बर्लिनचे आभारच मानायला हवेत. पण आमच्या महाविद्यालयापासून निपाणी बसने दोन तासांवर आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात ती नाही.

वर्गात दाखवली तेव्हा धुरळ्याने भरलेल्या वखारीत बसलेल्या बायकांचे झपझप चालणारे हात पाहून एक मुलगा म्हणाला, "माझी आजी अशीच बसायची विड्या वळायला." तो सोलापूरकडचा. त्याआधी त्या मुलाने वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं.

आजच्या चित्रपटांबद्दल लांबण लावत नाही. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला 2024 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांनी देशाचा मान म्हणून मथळे दिले. त्यात छाया कदम यांची पार्वती आहे : रुग्णालयात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा, घराचे कागद नाहीत म्हणून मुंबईतून उखडली जाणारी आणि रत्नागिरीला परतणारी. सईबाईंच्या 'दिशा'त माणसं गावाकडून गिरणीकडे जातात, इथे गिरणी गेल्यावर बाई मागे फिरते. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन तासांत दाखवा. बाकीचं मुलं बोलतील.

मागणं काय, ते स्पष्ट लिहिते. 'स्त्रियांचे चित्रपट' या घटकात किमान निम्मे चित्रपट स्त्रियांनी केलेले असावेत आणि त्यात माहितीपट, लघुपट व गटाने केलेल्या फिल्म धराव्यात. दिग्दर्शनाबरोबर संकलन, वेशभूषा, ध्वनी, लेखन यांतल्या बायकांचं काम त्यात यावं. रेणू सलुजा यांनी संकलित केलेले चित्रपट आपण शिकवतो, रेणू सलुजा शिकवत नाही. भानू अथैय्यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं हे सामान्यज्ञानात येतं, कोल्हापूरच्या त्या मुलीची कापडावरची नजर अभ्यासात येत नाही.

आणि शेवटचं मागणं पैशाचं नाही, फक्त दोन श्रेयांकांचं आहे. मुलामुलींना आपापल्या भागातल्या सिनेमात राबलेल्या बायकांना भेटू द्या आणि त्या मुलाखतींना लेखी परीक्षेइतकं मोल द्या. आमच्याकडे कोल्हापूर जवळ आहे. तिथल्या स्टुडिओंत केशभूषा केलेल्या, गर्दीत उभ्या राहिलेल्या, कपडे शिवलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने हौसेखातर आपल्या आजीची मुलाखत घेतली. लग्नाआधी आजी चित्रपटांसाठी पातळांना काठ लावून द्यायची, हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. कोणत्या चित्रपटात आपलं काठाचं पातळ कोणत्या गाण्यात दिसतं ते आजीने बोट ठेवून दाखवलं. चौदा पानांची ती मुलाखत माझ्या कपाटात आहे. गुणपत्रिकेत ती कुठे बसवायची ते मला सापडलं नाही, म्हणून त्या मुलीला 'भूमिका'तील स्त्री-प्रतिमा यावरच प्रकल्प द्यावा लागला. जूनमध्ये नवी तुकडी येईल. त्याआधी तो रकाना तयार व्हावा.

आपली,
मराठीची एक शिक्षिका